तलवारवाले जुने चिनी सिनेमे: वार होण्याआधीचं बघा

प्रश्न असा आला आहे: "मी बरीच वर्षं कराटे करतो. ब्रूस ली, जॅकी चॅन बघत मोठा झालो. पण तलवारबाजीचे जुने चिनी सिनेमे लावले की पंधरा मिनिटांत बंद करतो. माणसं झाडांवर उडतात, एक जण चाळीस जणांना लोळवतो, आणि ऐन रंगात आलं की सगळे थांबून एकमेकांकडे बघत बसतात. तरी मार्शल आर्टमधली जुनी मंडळी याच सिनेमांवर जीव टाकतात. त्यांना यात नेमकं काय दिसतं? आणि बघायचेच तर कुठून सुरुवात करू?"

तुमची तक्रार ज्या 'बघत बसण्या'बद्दल आहे, त्यातच अर्धं उत्तर आहे.

मी चिनी सरळ तलवार शिकवतो. नवीन मुलगा वर्गात आला की थोड्याच दिवसांत तलवार गरागरा फिरवायला शिकतो आणि दिसायलाही झकास दिसतो. वर्षानुवर्षं येत नाही ते वेगळंच. समोरचा किती लांब उभा आहे, तिथून त्याचं टोक मला पोचेल का, आणि मी आत्ता पाय उचलला तर माझं मनगट उघडं पडेल का, हा तो हिशेब. नुसत्या हातांच्या मारामारीत तो थोडाफार चुकला तरी निभावतं. एक ठोसा खाल्ला, दोन दिले. पातं असलं की निभावत नाही. त्यामुळे सगळा विचार वाराच्या आधी उरकावा लागतो आणि वार स्वतः पापणी लवायच्या आत संपतो. तुमच्या कराटेत इप्पोन शोबू खेळला असाल, एका निर्णायक गुणाचा सामना, तर याची चव तुम्हाला ठाऊक आहे. दोघंही किती वेळ नुसते सरकत राहतात!

या सिनेमांचे चांगले दिग्दर्शक तो आधीचा वेळ पडद्यावर आणतात. उडणं-बिडणं त्यानंतरचं. आम्ही जीव टाकतो तो त्या वेळावर.

आधी हत्यार ओळखून घ्या, म्हणजे निम्मा सिनेमा आपोआप कळेल. ज्येन म्हणजे सरळ आणि दुधारी तलवार. दाओ म्हणजे एकाच बाजूला धार असलेली, बहुधा किंचित बाकदार. ज्येन वाटते तेवढी जड नसते. साधारण 700 ते 900 ग्रॅम, पातं 70-75 सेंटीमीटरच्या आसपास. पात्याचे तीन भाग मानतात. मुठीजवळच्या भागाने अडवायचं, मधल्याने समोरच्याचं पातं सरकवायचं, आणि टोकाकडचा सगळ्यात धारदार भाग कापायला-भोसकायला राखून ठेवायचा. म्हणून जाणता ज्येनवाला तलवारीवर तलवार आपटत बसत नाही. तो समोरच्याचं मनगट शोधत असतो. चिनी लोकांत एक म्हण आहे: दाओला शंभर दिवस, भाल्याला हजार, ज्येनला दहा हजार. पडद्यावर शिपाई आणि दरोडेखोर यांच्या हातात बहुतेक दाओ असते आणि नायक-नायिकेकडे ज्येन. तिथला प्रेक्षक एवढ्यावरून माणूस ओळखतो. एकट्याने म्यानातली ज्येन टेबलावर ठेवली आणि भोवती दहा दाओवाले उभे आहेत, एवढ्यात कथेची प्रस्तावना झालेली असते.

आता एका सिनेमाबद्दल जरा सविस्तर, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला तो का भिडतो हे त्यात स्वच्छ दिसतं. 1967 चा 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'. निर्मिती शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या स्टुडिओची, दिग्दर्शक चांग चेह, नायक जिमी वांग यू. हाँगकाँगमध्ये त्याने दहा लाख हाँगकाँग डॉलरच्या वर गल्ला केला आणि त्यानंतर पुरुषी, रक्तबंबाळ तलवारपटांची लाटच आली. गोष्ट तशी सरळ आहे. नायक हा गुरूचा सगळ्यात चांगला शिष्य, पण गरिबाघरचा. गुरूची मुलगी रागाच्या भरात त्याचा उजवा हात तोडते. एक शेतकरी मुलगी त्याला वाचवते. तिच्या वडिलांनी मागे ठेवलेल्या अर्धवट जळालेल्या पोथीवरून तो डाव्या हाताची तलवार शिकतो, आणि वापरतो ती आपल्या मेलेल्या बापाची तुटकी, आखूड तलवार.

तिकडे गुरूच्या शत्रूंनी एक यंत्र बनवलंय, तलवारीचं कुलूप म्हणा. त्या गुरुकुलाचा कोणीही शिष्य ठरलेला वार करतो, पातं त्या चिमट्यात अडकतं, आणि दुसऱ्या हातातल्या आखूड हत्याराने शत्रू त्याला भोसकतो. एकामागून एक शिष्य याच पद्धतीने मरतात, कारण सगळ्यांची तलवार सारखी, लांबी सारखी आणि सवयही सारखी. नायकाची तुटकी तलवार मात्र त्या कुलपात सापडत नाही. जिथे पातं असायला हवं तिथे ते नसतंच.

वर्गात मी कधीकधी सरावाच्या जोडीतल्या एकाला मुद्दाम आखूड लाकडी तलवार देतो. समोरचा कितीही मुरलेला असो, पहिले काही वेळा तो रिकाम्या हवेत अडवतो. हात त्याच्या ओळखीच्या जागी जातो, तिथे काही लागत नाही, आणि त्या फसगतीच्या क्षणात आखूडवाला आत शिरलेला असतो. ही अडचण एखाद्या पटकथाकाराला सुचावी आणि तिच्यावर पूर्ण सिनेमाचा शेवट उभा राहावा, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे त्यातला म्हातारा गुरू. आयुष्यभर घासून-पुसून बसवलेली आपली पद्धत शत्रूने तोंडपाठ केली आहे, हे त्याला आपल्या शिष्यांच्या प्रेतांवरून कळतं. तुम्ही कराटे शिकवायला लागाल तेव्हा हा भाग पुन्हा बघा.

या सिनेमातली मारामारी बसवली ती लाऊ कार-ल्युंग आणि टाँग काय यांनी. लाऊ हा दक्षिण चीनच्या हुंग गार या कुंग-फू परंपरेतला अस्सल माणूस. वडिलांकडून शिकलेला, आणि वडील वाँग फेई-हुंग या त्या परंपरेतल्या नामांकित उस्तादाच्या शिष्याचे शिष्य. पुढे तो स्वतः दिग्दर्शक झाला. त्याचा 1982 चा 'लेजंडरी वेपन्स ऑफ चायना' म्हणजे हत्यारांचं चालतं-बोलतं संग्रहालय. शेवटच्या द्वंद्वात तो आणि त्याचा सख्खा भाऊ एकेक हत्यार टाकत दुसरं उचलत जातात. गोष्ट यथातथाच आहे, पण हत्याराचा विद्यार्थी ती बघतच नाही.

दुसरं टोक म्हणजे दिग्दर्शक किंग हू. जन्म बीजिंगचा, कारकीर्द हाँगकाँग आणि तैवानमधली. याच्याबद्दल मी पक्षपाती आहे, हे आधीच सांगतो. 1966 चा 'कम ड्रिंक विथ मी' त्याने शॉ ब्रदर्ससाठी केला. नायिका चेंग पेई-पेई, वय वीसच्या आसपास, शिक्षण नृत्याचं. ती पुरुषी वेशात एका खाणावळीत येऊन बसते. भोवतीची टेबलं हळूहळू गुंडांनी भरतात. मारामारी लगेच होत नाही. आधी ते तिच्या दिशेने एकेक वस्तू भिरकावून तिची परीक्षा घेतात, आणि ती जागेवरून जेमतेम हलते. डोळे मात्र सतत फिरत असतात: दार कुठे, जिना कुठे, कोण कुणाच्या आड आहे. आम्ही शिष्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो की खांदे सोडा, नजर एका माणसावर खिळवू नका. ती ते करून दाखवते.

'एक जण चाळीस जणांना लोळवतो' या तुमच्या आक्षेपाचंही थोडं उत्तर इथे आहे. खाणावळीत चाळीस जण असले तरी जिन्यावर, खांबाआड, दोन टेबलांच्या मध्ये एका वेळी दोघं-तिघंच पोचू शकतात. किंग हू ही जागा फार नेटकी मांडतो. कोण कुठे उभा आहे याचा गोंधळ तुमच्या डोक्यात होत नाही. आपल्याकडे कोल्हापुरात दांडपट्ट्याचे खेळ बघितले असतील तर अनेकांना अंगावर येऊ न देण्याची विद्या वेगळीच असते, हे सांगायला नको. बाकी चाळीस ते चाळीसच. त्याला इलाज नाही.

पुढच्याच वर्षी त्याने तैवानमध्ये 'ड्रॅगन इन' केला. काळ मिंग राजवटीचा, साल 1457. एका प्रामाणिक मंत्र्याला ठार करून दरबारातला खोजा अधिकारी त्याच्या मुलांनाही सीमेजवळ संपवायला माणसं पाठवतो. ओसाड माळावरच्या एका खाणावळीत मारेकरी दबा धरून बसतात आणि तिथे एक अनोळखी माणूस निवांतपणे जेवायला मागतो. पहिला बराच वेळ नुसती आदबीची बोलणी, विषारी दारू आणि एकमेकांचं पाणी जोखणं. शेवटी खलनायक स्वतः येतो. तो सगळ्यांपेक्षा इतका वरचढ आहे की एकट्याने त्याला हरवणं अशक्य. पण त्याला दमा आहे. मग नायक मंडळी त्याला घेरतात, चिडवतात, एकानंतर एक आत शिरतात, बाहेर पडतात; त्याला दम खाऊ द्यायचा नाही, एवढाच डाव. तलवारपटाचा शेवट श्वासावर नेणारा माणूस काय ताकदीचा असेल! दोन मिनिटं जोरात सराव केल्यावर टोक कसं थरथरायला लागतं हे ज्याने अनुभवलंय, त्याला त्या खलनायकाची घालमेल स्वतःच्या छातीत जाणवते.

आणि ते 'थांबणं'. ते पेकिंग ऑपेरातून आलं आहे. या सिनेमांच्या मारामाऱ्या बसवणारे अनेक जण ऑपेराच्या तालमीत तयार झालेले. किंग हूचा हान यिंग-ज्ये हाही तसाच. ऑपेरात झुंजीच्या मध्ये नट एकदम एका मुद्रेत स्थिर होतो आणि त्याच ठोक्याला ढोल-झांजा एकदम थांबतात. तबल्याची तिहाई समेवर येऊन थांबते तसंच. किंग हूने हे वाद्यांसकट उचललं, पण त्याला अर्थ दिला. त्याच्याकडे दोघं थांबतात तेव्हा अंतर नव्याने मोजलं जातं. एकदा पावलांकडे लक्ष देऊन बघा; थांबण्याआधी आणि नंतर त्यांच्यामधली जागा सारखी नसते.

उडण्याबद्दल. किंग हूच्या काळी संगणक नव्हता. ट्रॅम्पोलिन, लपवलेल्या फळ्या आणि संकलनाची कात्री, एवढ्यावर काम. 1971 च्या 'अ टच ऑफ झेन'मधली बांबूच्या बनातली झुंज नीट बघा. उडी सुरू झाल्याचा तुकडा, हवेतला तुकडा, उतरल्याचा तुकडा. प्रत्येक अगदी निसटता. डोळ्याला पूर्ण हालचाल कधी मिळतच नाही, फक्त तिचा माग लागतो. मला हे खऱ्याच्या जास्त जवळचं वाटतं. आपल्यापेक्षा खूप तयारीच्या माणसाबरोबर सराव करताना असंच होतं: तो तिकडे होता, आता इथे आहे, मधलं काही दिसलंच नाही. या सिनेमाला 1975 साली कान महोत्सवात तंत्रासाठी पुरस्कार मिळाला.

खरेपणाचा आग्रह धरणाऱ्यांना मी मकाऊची गोष्ट सांगतो. जानेवारी 1954 मध्ये तिथे ताई-ची शैलीचे वू गोंगयी आणि व्हाइट क्रेन शैलीचे चान हाक-फू यांचा जाहीर सामना झाला. हाँगकाँगमध्ये त्याची प्रचंड हवा. फिल्म उपलब्ध आहे, बघा. दोघं नावाजलेले, पण जे घडलं ते म्हणजे अडखळणं, हात फेकणं, एकाच्या नाकातून रक्त. दुसऱ्याच फेरीत सामना थांबवला आणि निकाल दिलाच नाही. पण गावभर चर्चा होती, म्हणून एका वर्तमानपत्राने काही दिवसांतच ल्यांग यूशेंग यांची तलवारबाजांची कादंबरी क्रमशः छापायला घेतली. तिथून नव्या धाटणीच्या वूशिया, म्हणजे तलवारबाज वीरांच्या, कादंबऱ्या सुरू झाल्या, पुढच्याच वर्षी लेखक जिन योंग आले, आणि पडद्यावरची ही दुनिया त्यांच्यावरच पोसली. म्हणजे खरी मारामारी बघून लोकांचं पोट भरलं नाही, म्हणून ही खोटी जन्माला आली. यात मला काही वावगं वाटत नाही.

खोटं काय आहे ते भरभर सांगतो. म्यान लाकडी असते, त्यातून तलवार काढताना तो 'श्शिंग' आवाज येत नाही. शत्रूकडे पाठ करून गिरकी कोणी घेत नाही. धारेवर धार आपटत राहिली तर पात्याची करवत होईल. आणि नव्या सिनेमांत पत्र्यासारखी लवलवणारी जी तलवार दिसते, ती आजच्या वूशू (चिनी मार्शल आर्ट) स्पर्धांतली पातळ पात्याची, प्रात्यक्षिकाची. डाव्या हाताची दोन सरळ बोटं मात्र खरी आहेत. नुसती शोभा वाटली तरी ती अंगाचा तोल राखतात, आणि ती ढिली पडली की समजायचं, अभिनेत्याला शेवटच्या क्षणी तलवार हातात दिली आहे.

आता एक मत, जे आमच्यातल्या काहींना झोंबतं. पडद्यावरची सगळ्यात चांगली तलवार बहुतेक वेळा नर्तकींनी चालवली आहे. चेंग पेई-पेईचं सांगितलं. 2000 सालच्या अँग लीच्या 'क्राऊचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मधल्या मिशेल यो आणि झांग झियी, दोघींची पायाभरणी नृत्याची. (त्यात म्हातारी खलनायिका झाली आहे ती चेंग पेई-पेईच.) तलवारीची ताकद दंडातून येत नाही, टाच, कंबर, खांदा, मग टोक, असा तिचा प्रवास असतो, आणि तो नर्तकीला आधीपासून ठाऊक असतो. वजन उचलणाऱ्या मुलांना हे पटवताना माझा जीव जातो.

त्या सिनेमाला चार ऑस्कर मिळाली, बांबूवरच्या झुंजीची चित्रं सगळीकडे फिरली. मी मात्र अंगणातली लढत दाखवतो. युएन वू-पिंगने बसवलेली. धाकटीकडे (झांग झियी) कशालाही कापणारी तलवार, थोरलीकडे (मिशेल यो) फक्त अनुभव. थोरली जोड-दाओ घेते, ते निकामी होतात. भाला घेते, तो तुटतो. आकडीच्या तलवारी घेते. एक अवजड हत्यार तर तिला उचलतच नाही, तिथे थिएटरात हशा पिकतो. प्रत्येक हत्यार बदललं की अंतर बदलतं, पवित्रा बदलतो, आणि धाकटीला नव्याने जुळवून घ्यावं लागतं. शेवटी तुटक्या पात्याने थोरली तिच्या गळ्याशी येऊन थांबते. हात आवरते. आणि धाकटी तेवढ्यात तिच्या दंडावर वार करते. कौशल्य कुणाचं, तलवार कुणाची आणि माणूस कोण, हे सगळं एका शब्दाशिवाय सांगून झालं.

2002 चा 'हिरो' मला पूर्ण पचत नाही. रंगांची उधळण फार. पण जेट ली आणि डॉनी येन यांची पावसातली लढत त्यात आहे, ज्येन विरुद्ध भाला. त्यातला मोठा भाग दोघं डोळे मिटून मनातच लढतात, शेजारी एक म्हातारा तंतुवाद्य वाजवतो आहे. तार तुटते, आणि मग प्रत्यक्ष वार. वाराआधीच्या वेळाबद्दल मी वर जे बडबडलो, ते सगळं इथे उघडउघड चित्रित केलेलं आहे.

राहिले ते थोडक्यात. चोर युएन (नावावर जाऊ नका) याचे 1976 चे 'किलर क्लान्स' आणि 'द मॅजिक ब्लेड' कट-कारस्थानांसाठी बघा, तलवारीसाठी नको. नव्वदच्या दशकातले 'स्वोर्ड्समन 2' वगैरे नटांना तारांवर टांगून उडवणारे सिनेमे झिंग आणतात, ब्रिजिट लिन तर अफाट. पण पाय दिसत नाहीत आणि पाय दिसले नाहीत की मला कंटाळा येतो. उलट दिग्दर्शक शू हाओफेंगचा 2011 चा 'द स्वोर्ड आयडेंटिटी' तुमच्यासारख्या साशंक माणसासाठीच आहे. त्यात उडणं नाही, लढती काही सेकंदांत आटोपतात. नायक एका नाचणारीला काठीचा एकच फटका शिकवतो, आणि नावेत शिरू पाहणारे कसलेले शिपाई त्या एका फटक्याला फसतात. टायमिंगची एवढी कोरडी थट्टा दुसरीकडे बघितली नाही.

सुरुवात 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'पासून करा. मग 'ड्रॅगन इन', मग 'कम ड्रिंक विथ मी'. प्रत शोधताना एक काळजी घ्या. हे सिनेमे रुंद पडद्यासाठी काढलेले आहेत. जुन्या टीव्हीच्या आणि व्हीसीडीच्या प्रतींत दोन्ही कडा कापलेल्या असतात. त्यात एक तलवारबाज चौकटीत आणि दुसरा बाहेर, म्हणजे ज्या अंतरासाठी बघायचं तेच गायब. पुनरुज्जीवित केलेल्या रुंद प्रतीच घ्या. इंग्रजी डब टाळा, सबटायटल चालतील; डबमध्ये ढोल-झांजांची पट्टी अनेकदा दाबलेली असते. एकदा गोष्टीसाठी बघून झालं की एखादी लढत आवाज बंद करून परत लावा आणि फक्त पावलं बघा.

'अ टच ऑफ झेन' एवढ्यात नको. तीन तासांचा आहे आणि पहिला जवळजवळ तासभर तलवार बाहेरच येत नाही. रात्री जेवणानंतर लावलात तर झोपाल आणि दोष मला द्याल. सुट्टीच्या दिवशी सकाळी, चहा घेऊन लावा.